मंडळीची जबाबदारी असताना घरात दुखणं आलं तर

घरात मोठं आजारपण आलं, कुणी गेलं किंवा कर्जाचा डोंगर झाला की मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं, काम सोडायचं का, हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. विचारणारे कधी नवे पाळक (पाद्री) असतात, कधी संडे स्कूल घेणारी एखादी मुलगी. मी पुण्यात घोरपडीत राहते. मराठी शाळेतून निवृत्त झाले, चर्चचं महिला मंडळ बघते आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीवर आहे. माझ्या मिस्टरांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, एका वेळेला चार तास. त्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे.

माझं उत्तर असं, की काम सोडायचं की नाही हे नंतर ठरवा, आधी घ्यायला शिका. मंडळीत पुढे बसणारा माणूस सदा देत असतो. वेळ देतो, पवित्र शास्त्रातलं वचन देतो, सल्ला देतो, दुसऱ्याच्या घरी डबा पोचवतो. संकटात त्याच्याकडे देण्यासारखं काही उरत नाही. प्रभू त्याला वाढवतो तो इथे. पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं. काटा निघाला नाही, कृपा मिळाली, आणि तीही अशक्तपणातच पुरी पडेल असं सांगून मिळाली. मंडळ्या उभारणाऱ्या माणसालासुद्धा ती घ्यावीच लागली.

आधी जेवा, झोपा

पवित्र शास्त्रातलं १ राजे, १९ वा अध्याय काढा. ईजबेल राणीच्या धाकाने पळालेला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्या वेळी त्याला काही शिकवत नाही. दूत येतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. दूत पुन्हा उठवतो, पुन्हा जेवायला घालतो. होरेब डोंगरावरचं देवाचं बोलणं त्याच्याही पुढे, चाळीस दिवस चालल्यानंतरचं आहे.

म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत ‘प्रभू मला यातून काय शिकवतोय?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. हॉस्पिटलात रात्री थांबायच्या पाळ्या लावा. सकाळी निघताना पोटात काहीतरी घाला. स्वतःची बीपीची गोळी चुकवू नका. उपास धरायचाच असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला धरू दे.

गाऱ्हाणं लिहून काढा

या भागाला मी सगळ्यात जास्त वेळ द्यायला सांगते, कारण पुढाऱ्यांना हेच जमत नाही. आपल्याला उपकारस्तुतीची सवय असते. माइक हातात आला की ‘प्रभू, तू किती चांगला आहेस’ आपोआप तोंडून निघतं. पण स्तोत्रसंहितेत गाऱ्हाण्याची स्तोत्रं इतर कुठल्याही प्रकारापेक्षा जास्त आहेत.

तेरावं स्तोत्र घ्या. अवघी सहा वचनं आहेत. ती मोठ्याने वाचा, घरात कुणी असेल तर गच्चीवर जाऊन वाचा. पहिल्या दोन वचनांतच दावीद ‘कोठवर?’ असं चारदा विचारतो. मग तो मागणं मागतो आणि शेवटी भरवशावर येतो. आता वही घ्या आणि त्याच चालीने स्वतःचं लिहा: आधी हाक, मग तक्रार, मग मागणं आणि जमलं तर भरवसा. ‘दुःख’, ‘वादळ’, ‘परीक्षा’ असले शब्द टाळा. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलं असेल तर क्रिएटिनिन लिहा. हप्ता थकला असेल तर बँकेचा आलेला फोन लिहा. माझ्या वहीतलं एक पान असं आहे:

‘प्रभू, आज सुई दोनदा टोचावी लागली. हे डोळे मिटून पडले होते, हूं की चूं केलं नाही. तू कुठे होतास? मला तुझा राग आला आहे. उद्या घरसभेत वचन माझ्याकडे आहे आणि माझ्याजवळ एक वाक्यसुद्धा नाही. ते तू दे, नाहीतर दुसऱ्या कुणाला उभं कर.’

या पानावर भरवशाची ओळ नाही. ती ओढूनताणून आणू नका. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटपर्यंत उजाडत नाही. तरी त्याच्या मथळ्यात कोरहाच्या मुलांचं, म्हणजे मंदिरातल्या गायकांचं, नाव आहे, आणि ते मुख्य गवयासाठी आहे असंही म्हटलं आहे. म्हणजे ती काळोखी प्रार्थना कुणी एकट्याने उशीखाली लपवून ठेवली नव्हती, सगळ्यांनी मिळून गावी म्हणून दिली होती. माझ्यासारख्या कमिटीवरच्या बाईला याचा फार मोठा आधार वाटला.

रोज तासभर एकांत मिळायला हवा, असंही धरून बसू नका. डायलिसिससाठी हाताची धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात. तो चालू असला की वरून बोट ठेवल्यावर थरथर लागते, मांजर अंगाशी बसून गुरगुरतं तशी. ती रोज तपासायला सांगतात. सकाळी चहा ठेवण्याआधी मी यांच्या मनगटाच्या वर दोन बोटं टेकवते. थरथर लागली की म्हणते, ‘प्रभू, आज आहे. आभार.’ कित्येक दिवस माझी सकाळची प्रार्थना एवढीच असते आणि ती पुरते. घोरपडीच्या फाटकात गाडी जाईपर्यंत थांबावं लागतं, तेवढ्यात मी महिला मंडळातल्या दोन बायकांची नावं घेते. कधी गुरुवार पेठेत काम निघालं तर पंचहौदच्या पवित्र नाम देवालयात जाऊन नुसती बसते. तिथे मला कुणी ओळखत नाही, कुणी ‘बाई, जरा प्रार्थना करा’ म्हणत नाही. पुढाऱ्याने अशी एखादी जागा हेरून ठेवावी.

कुणाला किती सांगायचं

धरलं जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू शिष्यांना घेऊन गेला, पण पेत्र, याकोब आणि योहान या तिघांनाच जवळ नेलं. आपला जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, हे त्या तिघांना उघड सांगितलं. बाकीचे थोडे लांब बसले होते. मला यातून पद्धत मिळाली. दोन-तीन जण असे निवडा की त्यांच्यापुढे रडता येईल, रागावता येईल, पैशाचंही बोलता येईल. त्यातला एक तरी तुमच्या मंडळीबाहेरचा असू द्या, म्हणजे त्याला तुमच्या पदाशी देणंघेणं नसेल. कमिटीला कामापुरती माहिती द्या: आजार काय, किती दिवस लागतील, कुठले वार मोकळे नाहीत. रविवारच्या प्रार्थना-विनंतीत जे सांगायचं ते आजारी माणसाला विचारूनच सांगा. यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, ‘माझं नाव घे, पण रिपोर्ट वाचू नकोस.’ ते मी पाळते. शरीर त्यांचं आहे, साक्षही, म्हणजे आपला अनुभव सांगणंही, त्यांचंच.

काम वाटताना अर्धवट वाटू नका. गणना ११ मध्ये मोशे देवाला म्हणतो, हे लोक मला एकट्याला पेलवत नाहीत, असंच चालणार असेल तर मला मारून टाक. देव त्याला रागावत नाही, सत्तर वडील जमवायला सांगतो. आपण काम देतो पण किल्ली स्वतःकडे ठेवतो. मंडळाचं हिशोबाचं पुस्तक, कपाटाची किल्ली आणि व्हॉट्सअॅप ग्रुपचं अॅडमिनपद, तिन्ही देऊन टाका. नाताळच्या कार्यक्रमात नव्या बाईने तुमचा क्रम बदलला तर बदलू द्या.

आणि घ्या. कोंढव्याच्या एक मावशी डायलिसिसच्या दिवशी डबा आणतात. त्यात मीठ, बटाटा, टोमॅटो बेताने असतो. किडनीच्या पेशंटला पोटॅशियम जपावं लागतं, हे त्यांनी आमच्या आहारतज्ज्ञबाईंना फोन करून विचारून घेतलं होतं. असा डबा आला की ‘कशाला त्रास घेतलात’ म्हणू नका. जेवा आणि रिकामा डबा परत देताना त्यांच्याकडूनच प्रार्थना करून घ्या. लिफाफा आला तर घ्या, नोंद ठेवा, आभार माना.

बोलणाऱ्यांना काय सांगायचं

कुणीतरी येणारच, ‘घरात काही पाप राहिलंय का, तपासून बघा’ म्हणणारं. त्यांना योहान ९ उघडून द्या. जन्मांधाबद्दल शिष्यांनी हेच विचारलं होतं, आणि येशूने त्याचंही पाप नाही आणि आईबापांचंही नाही असं साफ सांगितलं. ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस जमिनीवर गप्प बसले होते तोवर चांगले होते, बोलायला लागल्यावर बिघडलं. यापेक्षा धोक्याचं बोलणं म्हणजे ‘विश्वास असेल तर मशीन बंद करा’. इथे आवाज चढवायला मागेपुढे पाहू नका. डायलिसिस थांबवलं तर अशा माणसाचा जीव जातो, बहुतेक वेळा दिवसांत किंवा थोड्या आठवड्यांत. पौलाबरोबर लूक होता, त्याला तो प्रिय वैद्य म्हणतो. औषध घेणाऱ्याचा विश्वास कमी असतो, ही शिकवण तुमच्या मंडळीत कुणी पसरवत असेल तर पुढारी म्हणून ती थांबवणं तुमचं काम आहे, घरात दुखणं असो की नसो.

एकदा केडगावला जाऊन या

पुण्याहून दौंडच्या गाडीने केडगाव गाठता येतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे. जाताना त्यांचं आयुष्य सावकाश आठवा. आईवडील आणि बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीने गेले. भाऊ १८८० मध्ये गेला. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच १८८२ मध्ये नवरा पटकीने गेला, पदरात तान्ही मनोरमा. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा याच बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या. मूळ भाषांवरून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर चालू असतानाच १९२१ मध्ये मनोरमा गेली. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. ते पवित्र शास्त्र १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं, आणि त्या छापखान्यात टाइप जुळवायचं काम तिथल्या बायका-मुली करत.

यावरून कुणी म्हणतं, रमाबाईंना मुली वाचवता याव्यात म्हणूनच देवाने त्यांच्या आईला उपाशी मारलं. असं म्हणू नका, व्यासपीठावरून तर नाहीच. आईची भूक ही वाईटच गोष्ट होती. रमाबाईंनी ती भूक विसरायचं नाकारलं, आणि दुष्काळी रस्त्यावरची मुलगी त्यांना लांबून ओळखू आली. माझ्या मते वाढ म्हणायची ती ही. डायलिसिसच्या बाकावर बसायला लागल्यापासून मला बाकावरची माणसं दिसतात. सोलापूर, बीडकडून आलेली, जवळ सतरंजी आणि पाण्याची बाटली, पुढच्या खिडकीत कुठला कागद द्यायचा हे ठाऊक नसलेली. पूर्वी मी आजाऱ्यांसाठी लांबलचक प्रार्थना करत असे. आता आधी विचारते, ‘जेवलात का? योजनेचा फॉर्म भरलात का?’

व्यासपीठावर कधी बोलायचं

ताजी जखम साक्षीला वापरू नका. मी एकच कसोटी लावते: तेच दुखणं सोसणारं कुणी शेवटच्या बाकावर बसलं असेल तर माझं वाक्य त्याला ओझं होईल का? होणार असेल तर ते वाक्य गाळायचं. एका गुड फ्रायडेला, बारा ते तीनच्या उपासनेत, येशूच्या वधस्तंभावरच्या सात शब्दांपैकी (उद्गारांपैकी) चौथा शब्द माझ्याकडे होता आणि हे आयसीयूत होते. ‘तू माझा त्याग का केलास?’ यावर मी भाष्य केलं नाही. येशूची ती हाक ज्यातून आली ते बाविसावं स्तोत्र सावकाश पुरतं वाचलं, ‘प्रभूनेही हेच विचारलं’ एवढं म्हणून खाली बसले. नंतर गेटपाशी एका भावाने हात धरला. त्याचा मुलगा नुकताच अपघातात गेला होता. ‘बाई, आज चर्चमध्ये बसवलं,’ एवढंच म्हणाला.

मात्र वाढ आणि खचणं यांत गल्लत करू नका. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अंथरुणातून उठवत नाही, मरून जावंसं वाटतं, असं असेल तर तो प्रार्थना वाढवायचा प्रश्न नाही. डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. पाळकांनीही फोन करावा.

जे कमिटीवर आहेत आणि ज्यांच्या पाळकाच्या घरी सध्या दुखणं आहे, त्यांच्यासाठी. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका, पाळक सांगणार नाहीत. पुढच्याच बैठकीत ठराव घ्या: पगारी रजा किती, त्या रविवारांना वचन कोण देणार, प्रभुभोजनासाठी कुठल्या पाळकांना बोलवायचं, हॉस्पिटलच्या बिलासाठी कुठला निधी. पाळकबाईंना, म्हणजे पाळकांच्या पत्नीला, वेगळं भेटा, त्यांच्याशी बोलायला बाईच जाऊ दे. ठरावाची प्रत दुसऱ्या दिवशी घरी पोचवा आणि जाताना डबा घेऊन जा.