बळसाण्याच्या देवळांवरचं पुस्तक कसं शोधाल?

कपाटापाशी जाण्याआधी जुना नकाशा बघा, असं मी चित्रकलेच्या पोरांना सांगतो. बळसाणं आज धुळे जिल्ह्यात आहे. पण १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता, मग त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले. जुन्या ग्रंथाच्या सूचीत नुसतं ‘धुळे’ शोधून भागत नाही; ‘खानदेश’, ‘पश्चिम खानदेश’ही बघा. गावाचं इंग्रजी स्पेलिंगही दोन-तीन तऱ्हांनी करून पाहा, साहेबांनी कानाला येईल तसं लिहिलंय.

दशांश वर्गीकरण, म्हणजे विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावायची पद्धत, असेल तिथे भारतीय कलेचा इतिहास ७०९.५४ ला, धार्मिक वास्तू ७२६ ला, शिल्प ७३० ला. गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ, मात्र तिथे नसतं, इतिहास-भूगोलाकडे किंवा संदर्भ विभागात कुलपात असतं. ग्रंथपालांकडे सरळ मागा.

पुस्तक हाती आलं की प्रस्तावना मागाहून वाचा. आधी चित्रफलकांची यादी, मग तळटिपा. पुढची पुस्तकं तिथेच सापडतात. पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांचा दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचा ग्रंथ १९३१ चा आहे. अशा ग्रंथातला फोटो घेऊन देवळासमोर उभे राहा. काय पडलं, काय नव्याने रंगवलं, ते वहीत लिहा. आराखड्याखालची मोजपट्टी फुटांत असते, मीटर समजू नका.