पहिला नमुना घेण्याआधी: शोधनिबंधाची नैतिक बाजू कशी सांभाळायची

जर्नलच्या वेबसाइटवर निबंध चढवायला बसायचं आणि 'एथिक्स कमिटीचा (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीचा) मंजुरी क्रमांक' हा रकाना समोर आला की फायली उपसायच्या, ही सवय महागात पडते. संपादक तीन तारखा शेजारी शेजारी ठेवून बघतात: समितीने मंजुरी दिली ती, संशोधनाची नोंदणी झाली ती आणि पहिला सहभागी घेतला ती. क्रम उलटा निघाला तर निबंध कितीही चांगला असो, तो तिथेच थांबतो. मागच्या तारखेची मंजुरी कोणतीही समिती देऊ शकत नाही आणि गोळा झालेली माहिती परत गोळा करता येत नाही. म्हणून या लेखातली निम्मी कामं लिखाण सुरू होण्याच्या खूप आधीची आहेत.

समितीकडे जाताना

माणसांवरच्या आरोग्यविषयक संशोधनासाठी आपल्याकडे आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात. त्यानुसार समितीत ७ ते १५ सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो, सदस्य सचिव संस्थेतला असतो आणि किमान ५ सदस्य हजर असल्याशिवाय बैठकीत निर्णय होत नाही. विभागप्रमुखांनी प्रस्तावावर 'परवानगी आहे' असं लिहून सही केली, तर ती विभागाची परवानगी झाली. समितीची मंजुरी वेगळी. समिती नोंदणीकृत आहे का हेही विचारून घ्या. औषधांच्या चाचण्या तपासणाऱ्या समितीची नोंदणी केंद्रीय औषध नियंत्रकांकडे लागते, इतर आरोग्य संशोधनासाठी ती केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे.

एक प्रश्न हमखास येतो: फक्त जुन्या केसपेपरवरून माहिती काढायची आहे, पेशंटला हातही लावायचा नाही, मग समिती कशाला? अशा कामाला सूट मिळू शकते. पण ती समिती देते, संशोधकाने स्वतःला द्यायची नसते. अर्ज करा आणि 'सूट दिली' असं लिहिलेलं क्रमांकाचं पत्र घ्या. जर्नलला तेच पत्र हवं असतं.

अर्जासोबत प्रोटोकॉल (अभ्यासाचा लेखी आराखडा), प्रश्नावली, माहिती नोंदवायचा फॉर्म, खर्चाचा तपशील आणि सगळ्या भाषांतली संमतीपत्रं जोडा. नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत छिंदवाडा, बालाघाट, छत्तीसगडकडून पेशंट येतात, त्यामुळे मराठीबरोबर हिंदी संमतीपत्र लागतंच. प्रस्ताव परत येतो तो बहुधा साध्या कारणांनी. नमुन्याचा आकडा कुठून आला ते लिहिलेलं नसतं. इंग्रजी संमतीपत्रात रक्त दोनदा घेणार असं असतं आणि मराठीत एकदाच. प्रश्नावली 'नंतर सादर करू' म्हणून सोडलेली असते. बैठका रोज होत नाहीत आणि एक त्रुटी निघाली की पुढची बैठक गाठावी लागते, हे धरून दोन-तीन महिने हाताशी ठेवा. मंजुरीनंतर एखादा प्रश्न वाढवायचा असेल किंवा दुसरं रुग्णालय जोडायचं असेल, तर दुरुस्तीची मंजुरीही आधीच घ्यावी लागते.

उपचाराची चाचणी असेल तर सीटीआरआय, म्हणजे भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणी, टाळता येत नाही. १ एप्रिल २०१८ पासून तिथे फक्त आगाऊ नोंदणी होते. पहिला सहभागी घेऊन झाला असेल तर दार बंद. एमडी-एमएसच्या प्रबंधातल्या चाचण्यांनाही हाच नियम आहे. क्रम असा: समितीची मंजुरी, मग सीटीआरआयचा क्रमांक, मग पहिला पेशंट. नोंदणीत मुख्य निष्कर्ष कशावर मोजणार ते लिहावं लागतं. पुढे निबंधात तो गुपचूप बदलला तर समीक्षक नोंदणी उघडून दाखवतात.

प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी संस्थेच्या प्राणी नीती समितीकडे 'फॉर्म बी' भरायचा. वन्यजीवांचा अभ्यास पेंच किंवा मेळघाटात असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. ते कार्यालय नागपुरातच आहे आणि राज्य जैवविविधता मंडळही नागपुरातच, त्यामुळे लांब आहे ही सबब इथे चालत नाही.

संमती

संमतीपत्र हा सहीचा कागद झाला की बिघडतं. ओपीडीच्या गर्दीत 'इथे सही करा, तपासणीसाठी आहे' असं म्हणून घेतलेली सही ही उपचाराची संमती म्हणूनही कमकुवत आहे, संशोधनाची तर नाहीच. पत्रात लिहायचं ते ऐकणाऱ्याच्या भाषेत लिहा. 'शिरेतून ५ मिलि रक्तनमुना संकलित केला जाईल' याऐवजी 'हाताच्या शिरेतून सुईने साधारण एक चहाचा चमचा रक्त घेऊ. सुई टोचताना दुखेल, एखाद वेळी तिथे निळा डाग पडेल' असं लिहा. आणि एक वाक्य ठळक अक्षरात हवंच: 'नाही म्हटलं तरी इथला तुमचा उपचार जसा चालू आहे तसाच चालू राहील.'

वाचता न येणाऱ्याला पत्र वाचून दाखवायचं, अंगठा घ्यायचा आणि साक्षीदाराची सही घ्यायची. साक्षीदार तुमच्या चमूतला नको. शेजारच्या टेबलावरचा कनिष्ठ निवासी डॉक्टर हा निःपक्ष साक्षीदार नव्हे. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती तर हवीच, शिवाय मुलाचाही होकार हवा. ७ ते १२ वर्षांत तो तोंडी चालतो, १२ ते १८ मध्ये लेखी घ्यावा लागतो. आपल्याच वर्गातल्या विद्यार्थ्यांना प्रश्नावली वाटणाऱ्या प्राध्यापकांनी संमती घेण्याचं काम दुसऱ्या कुणाकडे द्यावं. अंतर्गत गुण ज्यांच्या हातात आहेत त्यांना 'नाही' म्हणणं विद्यार्थ्याला जमत नाही. सहभागींना येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेली रोजी द्यायला हरकत नाही, पण रक्कम समितीला आधी दाखवा. ती इतकी मोठी नको की पैशासाठी माणूस तयार व्हावा.

विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर बरंच काम होतं आणि गोपनीयतेची खरी कसोटी तिथे लागते. मुलगी वाहक आहे एवढी माहिती गावात फुटली तरी तिची सोयरीक अडते. नाव वगळलं म्हणजे ओळख पुसली असं समजू नका. गावाचं नाव, जात, वय आणि आजार हे चार रकाने एका ओळीत आले, की दोन-तीनशे उंबऱ्यांच्या गावात माणूस कोण ते पानठेल्यावरही कळतं. गावाऐवजी तालुका किंवा जिल्हा लिहा, वयाऐवजी वयोगट द्या आणि ज्या रकान्यात तीन-चारच माणसं उरतात ते रकाने एकत्र करा. संमतीपत्रं एका कपाटात ठेवा, सांकेतिक क्रमांकांची यादी दुसऱ्या कपाटात. व्हॉट्सॲप ग्रुपवर रिपोर्टचे फोटो टाकणारे सहकारी असतील, तर आधी त्यांना समजवा.

एकाच पेशंटची हकिगत छापायची असेल तर प्रसिद्धीसाठी वेगळी लेखी संमती लागते. डोळ्यांवर काळी पट्टी मारल्याने ओळख लपत नाही, असं वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने स्पष्ट केलेलं आहे.

आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांच्या मुलाखती घेणाऱ्या समाजशास्त्राच्या आणि पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनाही हे सगळं लागू आहे. 'आम्ही काही डॉक्टर नाही' ही पळवाट आहे. मुलाखत मध्येच थांबवायची सोय ठेवा, आणि बोलता बोलता कुणी कोसळलं तर जवळच्या कोणत्या मानसोपचार केंद्रात पाठवायचं ते गावात जाण्याआधी ठरवा.

टक्क्यांचा खेळ

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या विनियमांत, दुसऱ्यांच्या मजकुराशी किती साम्य आहे त्यावरून चार स्तर आहेत. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. त्यावर ४० पर्यंत, मग ६० पर्यंत, मग ६० च्या वर. प्रबंधाच्या बाबतीत या तीन स्तरांवर अनुक्रमे जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून देणं, सुधारित प्रबंध द्यायला एक वर्ष बंदी आणि नोंदणी रद्द, असे परिणाम होतात. निबंध असेल तर तो मागे घ्यावा लागतो. ४० च्या वर गेलं तर शिक्षकाची एक वेतनवाढ जाते आणि दोन वर्षं नवीन विद्यार्थी घेता येत नाहीत. ६० च्या वर दोन वेतनवाढी आणि तीन वर्षं.

यामुळे '९ टक्के आले, सुटलो' अशी एक विचित्र समजूत पसरली आहे. ते ९ टक्के एकाच निबंधातल्या सलग दोन परिच्छेदांचे असतील तर ती चोरीच आहे. उलट १८ टक्क्यांत पद्धतींची ठरीव वाक्यं आणि संदर्भसूची मोजली गेली असेल, तर घाबरण्यासारखं काही नाही. अवतरणं, संदर्भ, अनुक्रमणिका, कायद्यांची कलमं आणि सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य विनियमांनीच वगळलं आहे. म्हणून वरचा आकडा बाजूला ठेवून अहवालातला रंगवलेला मजकूर वाचा: कुठून आला, किती सलग आला, संदर्भ दिला आहे का.

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी रोमन अक्षरांचा गोंधळ असतो. तिथे साम्य शून्य आलं तर ती स्वच्छतेची पावती नाही, सॉफ्टवेअरला काही वाचताच आलेलं नाही. युनिकोडमध्ये बदलून मगच तपासा. इंग्रजी निबंधाचं मराठी भाषांतर करून आपलं म्हणून देणं बहुतेक सॉफ्टवेअरच्या नजरेतून सुटतं, समीक्षकाच्या नजरेतून सुटेलच असं नाही.

शब्द फिरवून देणारी साधनं तर हात दाखवून अवलक्षण करतात. 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बोसम पेरिल' आणि 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' झालेले निबंध जगभर सापडले आहेत आणि असे शब्द शोधून काढण्याचंच काम आता काही लोक करतात. एआय चॅटबॉट वापरला तर कोणता आणि कशासाठी ते निबंधात लिहा. तो लेखक होऊ शकत नाही, कारण मजकुराची जबाबदारी घेऊ शकत नाही. त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ डीओआय (निबंधाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) उघडून तपासा, अस्तित्वात नसलेले निबंध तो अगदी व्यवस्थित रचून देतो. आणि समीक्षणासाठी आलेलं दुसऱ्याचं हस्तलिखित त्यात टाकू नका. तो गोपनीयतेचा भंग आहे.

नावं कुणाची

भांडणं सर्वांत जास्त इथे होतात. लेखक म्हणून नाव लागायला वैद्यकीय संपादकांच्या त्याच आंतरराष्ट्रीय समितीच्या चार अटी आहेत: कल्पना, आखणी, माहिती किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात वैचारिक दुरुस्ती करणं, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. चारही हव्यात. यंत्र वापरू दिलं, निधी मिळवून दिला, विभागप्रमुख आहेत, एवढ्यावर नाव लागत नाही. त्यांचे आभार माना, आणि तेही त्यांना विचारून. पैसे घेऊन सांख्यिकी करून देणाऱ्यांची जागा बहुधा आभारात असते.

'सरांना नाही कसं म्हणणार' ही अडचण खरी आहे. उपाय एकच जमतो: सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) मंजूर होताच एका पानावर नावं, क्रम आणि प्रत्येकाचं काम लिहून सगळ्यांना ईमेल करायचं. तेव्हा कुणाचंच काही पणाला लागलेलं नसतं, त्यामुळे चर्चा शांतपणे होते. जर्नलचा योगदानाचा तक्ता पुढे करणंही उपयोगी पडतं. 'सर, तुमच्या नावापुढे कोणतं काम लिहू?' हा प्रश्न नम्र आहे आणि पुरेसा आहे. निबंध पाठवल्यावर नाव घालायचं किंवा काढायचं असेल तर सगळ्या लेखकांच्या सह्या लागतात. व्हॉट्सॲपवर दुसऱ्या-तिसऱ्या नावाचे दर सांगणाऱ्या जाहिरातींना उत्तरही देऊ नका.

पाठवताना

एकच निबंध एका वेळी एकाच जर्नलकडे. एका अभ्यासाचे पाच तुकडे करून पाच ठिकाणी छापणं हीसुद्धा फसवणूक धरली जाते. जेल-ब्लॉटच्या (प्रथिनं किंवा डीएनए पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीच्या) चित्रात उजेड बदलायचा तर पूर्ण चित्राचा बदला, एका पट्टीचा नाही, आणि मूळ फाइल जपून ठेवा.

यूजीसी-केअरची (मान्य जर्नलांची) यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे जर्नल पारखण्याचं काम आता संस्थेवर आणि तुमच्यावर आलं आहे. आयएसएसएन (नियतकालिकांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) पोर्टलवर जर्नलचं नाव टाका आणि वेबसाइटचा पत्ता तिथून घ्या. गुगलवरून गेलात तर नामांकित जर्नलची हुबेहूब नक्कल केलेली साइट लागू शकते. संपादक मंडळातल्या दोघांची नावं त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर शोधा. समीक्षण होण्याआधी फी मागितली किंवा दोन दिवसांत 'स्वीकृत' असं पत्र आलं, तर तिथून निघा.

छापून झाल्यावर चूक सापडली तर संपादकांना स्वतःहून लिहा: कोणत्या पानावर, कोणत्या तक्त्यात, चुकीचा आकडा कोणता, बरोबर कोणता, आणि निष्कर्ष बदलतो की नाही. निष्कर्ष टिकत असेल तर शुद्धिपत्र पुरतं. टिकत नसेल तर निबंध मागे घेण्याची विनंती करा आणि कारणाच्या ओळीत 'गणनेतील चूक' असं स्पष्ट लिहायला सांगा. कारण मोघम राहिलं तर वाचणारा लबाडीच गृहीत धरतो. पत्रावर सगळ्या लेखकांच्या सह्या असू द्या आणि एक प्रत एथिक्स कमिटीच्या सचिवांकडे द्या.