हातात मावणारा जुना कन्सोल बनवताना: आधी ५ व्होल्ट मोजा

जुन्या सुपर निन्टेंडो या व्हिडिओ गेम कन्सोलचा बोर्ड हातात धरण्याजोग्या खोक्यात बसवताना त्यावरचा ७८०५ रेग्युलेटर (व्होल्टेज ५ वर स्थिर ठेवणारा भाग) काढून टाकावा, कारण ५ व्होल्ट देण्यासाठी त्याला साधारण ७ व्होल्ट लागतात आणि ७.४ व्होल्टची लिथियम सेलची जोडी उतरू लागली की तो अडखळतो. शिवाय वरची वीज नुसती उष्णतेत जाते. त्याजागी बक कन्व्हर्टर, म्हणजे फारशी वीज वाया न घालवता व्होल्टेज उतरवणारा छोटा बोर्ड, लावावा. मात्र नवा कन्व्हर्टर किती व्होल्टवर लावलेला असेल याचा नेम नसतो (माझा एक बोर्ड त्यातच गेला), म्हणून तार जोडण्यापूर्वी मल्टीमीटरवर ५.० दिसेपर्यंत त्याचा इवलासा पितळी स्क्रू फिरवावा. ठाण्याच्या पावसाळी हवेत डाखाभोवती हिरवट गंज चढतो. म्हणून उरलेला फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावलेला पदार्थ) आयसोप्रोपिल अल्कोहोलने त्याच दिवशी पुसावा.