द्विनेत्री स्पर्धा घरच्या संगणकावर कशी पाहावी आणि कशी मोजावी

डाव्या डोळ्याला एक चित्र आणि उजव्या डोळ्याला त्याच जागी अगदी वेगळे चित्र दाखवले, तर मेंदू त्या दोघांची सरमिसळ करीत बसत नाही. काही सेकंद एक चित्र दिसते, मग ते विरते आणि दुसरे वर येते, आणि आपण पाहत राहू तोवर ही अदलाबदल चालू राहते. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये आपल्या स्टिरिओस्कोपमधून, म्हणजे प्रत्येक डोळ्याला वेगळे चित्र दाखवणाऱ्या उपकरणातून, एका डोळ्याला ‘एस’ आणि दुसऱ्याला ‘ए’ हे अक्षर दाखवून या द्विनेत्री स्पर्धेचे वर्णन केले. मेंदूच्या अभ्यासकांना तिचे मोल वाटते ते एका कारणाने: डोळ्यांत शिरणारा प्रकाश तसूभरही बदलत नाही, बदलते ती केवळ जाणीव. त्यामुळे मेंदूतील जी हालचाल या अदलाबदलीच्या तालावर होते, तिचा संबंध जाणिवेशी जोडता येतो.

लाल आणि निळसर काचांचा साधा थ्रीडी चष्मा, संगणक आणि अंधारी खोली एवढे पुरे. तिरळेपणा किंवा लहानपणापासून एक डोळा मंद असणाऱ्यांना ही अदलाबदल दिसेलच असे नाही.

चित्र काढण्याच्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये काळ्या पार्श्वभूमीवर दोन सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ घ्यावे, त्यात उजवीकडे झुकलेल्या लाल रेघा काढाव्यात आणि त्याच वर्तुळात डावीकडे झुकलेल्या निळ्या रेघा मिळवाव्यात. दोन्ही रंग जेथे एकमेकांवर येतात तेथे जांभळा दिसला पाहिजे. मध्यभागी पांढरा ठिपका आणि भोवती पांढरी चौकट हवीच, कारण पांढरा रंग दोन्ही काचांतून दिसतो आणि त्याच्या आधाराने दोन्ही डोळे एकाच जागी स्थिर राहतात. पडद्यापासून ५७ सेंटिमीटरवर बसावे. त्या अंतरावर एक सेंटिमीटर म्हणजे दृष्टीचा जवळपास एक अंश होतो. चित्र मोठे केल्यास परिणाम ठळक दिसतो, हा सल्ला मुळीच मानू नये. मोठ्या चित्राचे तुकडे पडतात, एका कोपऱ्यात लाल आणि दुसऱ्यात निळे जिंकते, आणि मोजण्यासारखे काही उरत नाही.

आता खरी अडचण. ती आहे रंगाच्या गळतीची, आणि तिने माझे कित्येक आठवडे खाल्ले. मला अदलाबदल दिसतच नव्हती. दिसत होती ती लाल-निळ्या रेघांची स्थिर जाळी, आणि माझा मेंदू दोन्ही चित्रे एकत्र करतो आहे असा मी समज करून घेतला होता. प्रत्यक्षात लाल काचेतून निळ्या रेघा अंधूक का होईना दिसत होत्या, म्हणजे एकाच डोळ्याला दोन्ही चित्रे मिळत होती आणि स्पर्धेला जागाच नव्हती. म्हणून पुढे जाण्याआधी एक डोळा मिटून, अंधाराला सरावून, निदान अर्धा मिनिट दुसऱ्या डोळ्याने पाहावे. नको असलेल्या रेघांचा मागमूस जरी दिसला तरी प्रयोग सुरू करू नये.

गळती बंद करण्यासाठी गळणाऱ्या रंगाची किंमत (प्रोग्रॅममध्ये ० ते २५५ अशी दिसणारी त्याची तीव्रता) २५५ वरून दहा-दहाने उतरवावी आणि प्रत्येक वेळी डोळा मिटून तपासावे. मग दुसरा रंगही इतका उतरवावा, की दोन्ही चित्रे सारखीच ठसठशीत वाटतील. निळा मुळातच मंद दिसतो, म्हणून बहुधा लालच बराच खाली आणावा लागतो. रात्री पडदा पिवळसर करणारी सोय बंद ठेवावी, कारण ती नेमका निळाच मारते. चित्र पीएनजी स्वरूपात साठवावे, कारण जेपीईजीमध्ये रंगांच्या कडा एकमेकींत पसरतात. चित्र कागदावर छापण्याचा सल्ला तर मी ठामपणे नाकारतो: घरच्या प्रिंटरची शाई चष्म्याच्या काचेशी क्वचितच जुळते. हे सारे जमल्यावर मला पहिल्यांदा लाल रंग वर्तुळाच्या खालच्या कडेकडून, भिंतीत ओल चढावी तसा, निळ्या रेघा पुसत वर सरकताना दिसला.

मोजताना नजर ठिपक्यावर ठेवावी. लाल पूर्ण दिसत असेपर्यंत एक कळ आणि निळे पूर्ण दिसत असेपर्यंत दुसरी कळ दाबून धरावी. मिश्रण दिसल्यास दोन्ही सोडाव्यात. ‘बहुतेक लालच’ असा कौल देऊ नये, कारण मिश्रणाचा काळ ही स्वतंत्र नोंद आहे. एक मिनिट मोजावे, विश्रांती घ्यावी, चष्मा उलटा करून पुन्हा मोजावे. प्रत्येक पाळी साधारण काही सेकंदांची, पण पुढची किती टिकेल ते सांगता येत नाही.

अशाच लाल-हिरव्या चष्म्याने १९९८ मध्ये मेंदूचे अभ्यासक फ्रँक टाँग, नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी एका डोळ्याला चेहरा आणि दुसऱ्याला घर दाखवून एफएमआरआय नोंदी घेतल्या, म्हणजे रक्तप्रवाहावरून मेंदूचा कोणता भाग काम करतो ते टिपले. चेहरा जाणवला की चेहऱ्यांना प्रतिसाद देणारा भाग उजळे आणि घर जाणवले की स्थळांना प्रतिसाद देणारा. चित्रे खरोखर आलटून पालटून दाखवल्यावर होतो तेवढाच तो बदल होता. त्याआधी मेंदूसंशोधक निकोस लोगोथेटिस यांच्या गटाने माकडांच्या मेंदूत पाहिले होते, की प्राथमिक दृष्टिक्षेत्रातील, म्हणजे मेंदूच्या बाह्यस्तरात दृष्टीची माहिती प्रथम पोहोचते त्या भागातील, थोड्याच पेशी जाणिवेबरोबर बदलतात, तर वस्तू ओळखणाऱ्या खालच्या शंखभागात सुमारे ९० टक्के. कपाळावर लावायच्या हौशी ईईजी पट्ट्यांवर (मेंदूतील विजेच्या लहरी टिपणाऱ्या) मात्र पैसे घालवू नयेत, कारण दृष्टिक्षेत्र डोक्याच्या मागच्या बाजूस आहे. कळ दाबणे हेही मेंदूचे कामच असते, याचे भान ठेवावे: २०१४ मध्ये संशोधकांनी डोळ्यांच्या हालचाली आणि बाहुलीचा आकार यांवरून अदलाबदल ओळखली आणि कळ दाबायला लावली नाही, तेव्हा कपाळामागील भागांतील हालचाल बरीच घटलेली आढळली.

शेवटी केवळ लाल रेघा आणखी मंद करून पुन्हा मोजावे. लालच्या पाळ्या आखडतील असे वाटते, पण डच मानसशास्त्रज्ञ विलेम लेव्हेल्ट यांनी १९६५ मध्ये मांडल्याप्रमाणे मुख्यतः निळ्याच्या पाळ्या लांबतात. माझ्या वहीतही, गळती बंद केल्यानंतरच्या नोंदींत, तसेच उतरले आहे.