नळी बदलण्याआधी: हेडस्पेससाठी तयारीची यादी

रायफलीची नळी बदलणं हे लेथचं काम, असं समजून माणसं कारागिराकडे रायफल टाकून येतात आणि सांगितलेल्या तारखेला जाऊन घेऊन येतात. नळी काढून दुसरी बसवायला तसा फार वेळ लागत नाही. पण हेडस्पेस, म्हणजे काडतूस बसायला मिळणारी नेमकी जागा, बरोबर येणार की नाही, हे नळी आवळण्याआधी टेबलावर काय काय मांडून ठेवलंय त्यावर ठरतं. म्हणून ही यादी जितकी काम करणाऱ्या परवानाधारक कारागिरासाठी, तितकीच रायफल देणाऱ्या मालकासाठी.

सगळ्यात आधी कागद. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे दुरुस्तीलासुद्धा परवाना लागतो, आणि तो दुकानदाराकडे हवा. मालकाचा बंदुकीचा परवाना त्यासाठी चालत नाही. तेव्हा मोटारीचा शाफ्ट खरादून देणारा गावातला टर्नर कितीही सफाईदार असो, त्याच्या लेथवर हे काम नेऊ नका. परवान्याची प्रत, रायफलीचा नंबर, दुकानाच्या रजिस्टरमधली नोंद, नव्या नळीवर नंबर आणि चाचणीची मोहोर कशी येणार, परवान्यात नोंद कोण करून देणार, हे सगळं लेखी घ्या. निवडणुकीची आचारसंहिता लागणार असेल तर ठाण्यात बंदूक जमा करायची वेळ येऊ शकते. रायफल त्या वेळी सुटी करून दुकानात पडलेली असेल तर मालकाची धावपळ होते, म्हणून तारखा बघून काम द्या.

आता मूळ विषय. काडतूस पुढे सरकून जिथे अडतं, तिथपासून बोल्टच्या, म्हणजे काडतुसाला मागून अडवणाऱ्या सरकत्या भागाच्या, तोंडापर्यंतचं अंतर म्हणजे हेडस्पेस. ३०-०६ सारखं काडतूस खांद्यावर, म्हणजे पुढे जिथे ते निमुळतं होतं तिथे, अडतं. आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या ३१५ बोरच्या काडतुसाला मागे कड आहे आणि ते त्या कडेवर अडतं. दोन्हींचं माप वेगळ्या जागी घेतलं जातं, त्यामुळे गेजही (माप तपासायचे ठोकळे) वेगळे. यात सूत-दोन सूत सोडाच, अर्ध्या सुताचीही भाषा चालत नाही. ३०-०६ च्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या पोकळीत, कमीत कमी आणि जास्तीत जास्त मापातला फरक दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे पाव मिलिमीटर. झेरॉक्सचे अडीच कागद एकावर एक ठेवले की तेवढी जाडी होते. सारा खेळ तेवढ्या जागेतला.

गेज दोन हवेतच, कमीत कमी मापाचा गो आणि त्याहून थोडा लांब नो-गो. जुनी वापरातली रायफल तपासायची असेल तर तिसरा, नो-गोहूनही लांब असा फील्ड गेज. तिन्ही एकाच कंपनीचे घ्या, कारण वेगवेगळ्या कंपन्यांचे नो-गो एक-दोन थाऊने मागेपुढे असतात आणि मग वाद मिटत नाही. गो गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, नो-गोवर होता कामा नये. ३१५ चे गेज बाजारात सहज मिळत नाहीत. अधिकृत ड्रॉइंगवरून करून घेऊन मायक्रोमीटरने तपासलेलाच वापरावा. .३०३ चा गेज ३१५ मध्ये ‘जवळपास तेच आहे’ म्हणून घालणं चूक आहे. दोन्हींच्या कडेची जाडी वेगळी. आणि जिवंत काडतूस हा गेज नव्हे. काडतुसाचं स्वतःचं माप थाऊ-थाऊने बदलतं, आणि पिनसकटचा बोल्ट त्याच्यावर उघडझाप करणं म्हणजे दुकानात भरलेली रायफल हाताळणंच.

बोल्ट पूर्ण सुटा करून ठेवा. फायरिंग पिन, स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर (काडतूस ओढून काढणारा आकडा) आणि बोल्टच्या तोंडात बसणारा स्प्रिंगचा इजेक्टर (ते बाहेर फेकणारा) असेल तर तोही, सगळं बाहेर. स्प्रिंगचा ताण राहिला की हाताला कळत नाही, बोल्ट गेजवर अडलाय की स्प्रिंगवर. मोकळा बोल्ट दोन बोटांनी, दांडा स्वतःच्या वजनाने खाली येईल इतक्या हलक्या हाताने फिरवायचा. तळवा मारून बंद केलेल्या बोल्टचं माप खरं नाही. तेवढ्या जोराने नो-गोवरसुद्धा बोल्ट बसतो आणि गेजचं तोंड खराब होतं ते वेगळं.

बोल्ट त्याच रायफलीचा हवा, नंबर जुळवून बघा. त्याच्या दोन्ही लगवर, म्हणजे बोल्ट अडकवून धरणाऱ्या कानांवर, निळी शाई किंवा मार्कर लावून बंद-उघड करा. एकाच लगची शाई पुसली गेली तर दुसरा लग टेकतच नाही. तो टेकवण्यासाठी घासाघाशी करायची असेल, रिसीव्हरचं (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या सांगाड्याचं) तोंड साफ करायचं असेल, तर ते चेंबर कापण्याआधी. लग घासला की बोल्ट तेवढा मागे जातो आणि हेडस्पेस तेवढा वाढतो. चेंबर पूर्ण करून मग लगला हात लावणाऱ्याने केलेलं काम स्वतःच मोडलं समजा.

जुनी नळी काढण्याआधी तिच्यावर गेज लावून आकडा लिहून ठेवा आणि नळी-रिसीव्हरच्या सांध्यावर बारीक खूण करा. पुष्कळदा नळी घट्ट बसलेली असते. पावसाळे खाल्लेल्या, ठाण्यात जमा राहून गंजलेल्या रायफलीत तर हमखास. सांध्यात रात्रभर गंज सोडवणारं तेल, नळीला बॅरल वाइस, वाइसच्या जबड्यात अॅल्युमिनियम किंवा चामड्याचं अस्तर आणि राळेची पूड, रिसीव्हरला मापाचा रेंच. पाइप पान्याने रिसीव्हर पिळला तर तो वाकतो, आणि वाकलेल्या रिसीव्हरवर कुठलाच आकडा खरा येत नाही.

नवी नळी शक्यतो थोडं कमी खोल चेंबर कापलेली मागवावी, पाच-दहा थाऊ राखून. नळी पूर्ण आवळल्यावर शेवटचं हाताने रीमर (चेंबर कापायचं हत्यार) फिरवून काढायचं. हाताने बसवलेली नळी आणि पान्याने आवळलेली नळी यांच्या मापात एक-दोन थाऊचा फरक पडतो, कारण नळीचा रिसीव्हरला टेकणारा खांदा दबतो. हे न धरता आधीच पूर्ण माप कापलं तर आवळल्यावर गो गेजवरसुद्धा बोल्ट बसत नाही. आट्यांचा हिशेबही टेबलावर लिहून ठेवा: इंचाला सोळा आटे असतील तर एक पूर्ण फेरी म्हणजे १.५९ मिलिमीटर, बारा असतील तर २.१२. चेंबर चुकून खोल गेलं तर खांदा खरादून, नळी एक फेरी आत घेऊन, पुन्हा रीमर मारावा लागतो. तेवढी जागा नळीत आहे का, हे आधी बघितलेलं बरं. बोल्टचं नाक नळीला टेकत नाही, मध्ये थोडी फट आहे, हेही बघा. नाक टेकलं तर गेज नसतानाही बोल्ट अडतो आणि हेडस्पेस कमी असल्याचा भास होतो.

रीमरसोबत कटिंग ऑइल, दोऱ्या न सोडणारी सुती चिंधी, ब्रश, बॅटरी. दर वेळी गेज घालण्याआधी चेंबर, गेज आणि बोल्टचं तोंड पुसायचं. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. केसाएवढा लोखंडाचा कीस गेजच्या खांद्याखाली राहिला की बोल्ट अडतो, कारागीर म्हणतो अजून कमी आहे, आणखी दोन फेऱ्या रीमर मारतो. कीस निघतो आणि नो-गो सरळ आत जातो. मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये पारा पंचेचाळीसवर असताना गेज कूलरसमोर आणि रायफल उन्हाकडच्या खिडकीत ठेवू नका. वीस अंशांच्या फरकाने ३०-०६ च्या लांबीत जेमतेम अर्धा थाऊ पडतो, पण दोन्ही तासभर एकाच टेबलावर ठेवले की तोही प्रश्न राहत नाही.

३१५ चं थोडं निराळं. तिची ठेवण जुन्या ली-एनफिल्डची, बोल्टचं डोकं आट्यांवर वेगळं बसतं आणि लग मागे आहेत. त्यामुळे हेडस्पेस डोकं बदलूनही जुळवता येतो. ली-एनफिल्डच्या नंबर चारला ० ते ३ असे आकडे मारलेली डोकी होती. ३१५ ज्या जुन्या नंबर एकवर बेतली आहे, तिच्यात आकडे नाहीत, डोकी मोजून निवडावी लागतात. म्हणून तीन-चार डोकी मापं लिहून जवळ ठेवा. लांब डोकं घातलं की फायरिंग पिन तेवढी कमी बाहेर येते, मग काडतूस फुटत नाही आणि दोष काडतुसाला दिला जातो. डोकं बदललं की पिनही मोजायची.

हेडस्पेस जास्त राहिला तर काय होतं ते पुंगळीवर, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यावर, दिसतं. दाबाने पुंगळीचा पुढचा भाग चेंबरला चिकटतो, बूड मागे बोल्टपर्यंत ताणलं जातं आणि बुडाच्या थोडं वर पितळ पातळ होतं. तिथे चकचकीत कडं उमटतं. पुढची पायरी म्हणजे पुंगळी तिथेच तुटणं आणि तापलेला वायू मागे, तोंडाकडे.

म्हणून काम झाल्यावर चाचणी दुकानदाराने परवान्यातल्या जागी, दुरून दोरीने चाप ओढून घ्यावी. रोही-डुकरांनी तूर खाल्ली म्हणून पहिली गोळी वावरात नको. तिथे तर वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय नेमच धरता येत नाही. पहिल्या पाच पुंगळ्यांवर मार्करने क्रमांक टाका. पातळ तारेचं टोक नखाएवढं काटकोनात वाकवून पुंगळीत घाला आणि बुडापासून वर ओढा. आतून गुळगुळीत लागली तर ठीक. बुडाच्या वर तार खाचेत अडकली, तर सहावं काडतूस भरायचं नाही. बोल्ट सुटा करून गेज पुन्हा लावायचे.