'फायरफ्लाय'ला निरोप: चौदा भाग, दोन दिवस

अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीने 'फायरफ्लाय' ही 'सेरेनिटी' नावाच्या अंतराळजहाजावरच्या माणसांची मालिका २० सप्टेंबर २००२ ला सुरू केली आणि २० डिसेंबरला तिचा शेवटचा भाग दाखवून मोकळी झाली. बनले चौदा भाग, दाखवले अकरा. त्यातही कोण कोणाचा, जहाजावर कसा आला, हे सांगणारा दोन तासांचा पहिला भाग त्यांनी सगळ्यात शेवटी दाखवला. बारशाचे पेढे तेराव्याला वाटले म्हणा ना! त्यामुळे या मालिकेला नीट निरोप द्यायचा, म्हणजे मंडळी जमवून सगळे भाग एकदा बघायचे, तर पहिलं काम म्हणजे ती जशी दाखवली तशी न बघता जशी रचली होती तशी बघणं.

क्रम असा: सेरेनिटी, द ट्रेन जॉब, बुशव्हॅक्ड, शिंडिग, सेफ, अवर मिसेस रेनॉल्ड्स, जेन्सटाउन, आउट ऑफ गॅस, एरियल, वॉर स्टोरीज, ट्रॅश, द मेसेज, हार्ट ऑफ गोल्ड, ऑब्जेक्ट्स इन स्पेस. हा कागदावर लिहून टीव्हीशेजारी चिकटवा. डीव्हीडी आणि ब्लू-रेवर हाच क्रम आहे, पण कुणी पेन ड्राइव्हवर फाइली आणल्या असतील तर त्या प्रसारणाच्या तारखेप्रमाणे लावलेल्या असू शकतात. ओळखायची खूण सोपी: यादीत पहिला 'द ट्रेन जॉब' दिसला की क्रम चुकलेला आहे.

क्रम चुकला तर नेमकं काय बिघडतं? 'हार्ट ऑफ गोल्ड'च्या शेवटी जहाजावर राहणारी इनारा जहाज सोडून जायचं ठरवते आणि 'ऑब्जेक्ट्स इन स्पेस'मध्ये तिच्या जाण्याचीच बोलणी चालू असतात. फॉक्सने 'हार्ट ऑफ गोल्ड' दाखवलाच नाही, 'ऑब्जेक्ट्स इन स्पेस' १३ डिसेंबरला दाखवला. प्रेक्षकाला कळेना, ही बाई निघाली कुठे आणि का. सॅफ्रन नावाच्या बाईचंही तसंच. 'ट्रॅश'मध्ये ती परत येते तेव्हा जहाजाचा कप्तान मॅल एवढा का चिडतो, हे 'अवर मिसेस रेनॉल्ड्स' बघितल्याशिवाय समजत नाही.

आता हिशेब. पहिला भाग साधारण ८६ मिनिटांचा, उरलेले तेरा प्रत्येकी ४४ च्या आसपास. एकूण ६५८ मिनिटं, म्हणजे अकरा तासांना दोन मिनिटं कमी. एका दिवसात संपवायचा अट्टहास करू नका. नवव्या भागाला माणसं मोबाइल बघायला लागतात, अकराव्याला घोरतात, आणि ज्या शेवटच्या भागांसाठी जमलात ते अर्धवट झोपेत जातात. शनिवार-रविवार घ्या.

शनिवारी सकाळी दहाला सुरुवात. पहिला भाग ११:२६ ला संपतो, चहा. पावणेबाराला दुसरा आणि तिसरा, सव्वा वाजता जेवण. दोनला चौथा, पाचवा, सहावा. सव्वाचारला पुन्हा चहा. साडेचारला सातवा आणि आठवा, सहाला दिवस संपला. आठव्यावर थांबायचं ते मुद्दाम. 'आउट ऑफ गॅस'च्या शेवटच्या प्रसंगात जुन्या जहाजांचा विक्रेता मॅलला भलतंच जहाज गळ्यात मारू बघतोय, तोंडाचा पट्टा चालू आहे, आणि मॅलची नजर बाजूला धूळ खात पडलेल्या 'सेरेनिटी'वर खिळलेली. तेवढ्यावर भाग संपतो. यानंतर त्या दिवशी दुसरं काही लावलंत तर तो प्रसंग वाया गेला समजा.

रविवारी उरलेले सहा, ४ तास २४ मिनिटं. दहाला सुरू केलंत तर जेवण आणि चहा धरूनही चारपर्यंत आटपतं.

टीव्हीची तयारी आदल्या दिवशी करा, पाहुणे आल्यावर नाही. मालिका रुंद पडद्यासाठी चित्रित झालेली आहे, तेव्हा झूम बंद आणि चित्राचा आकार १६:९. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. कॅमेरा बहुतेक वेळा हातात धरलेला आहे. ती सोय चालू असेल तर दैनंदिन मालिकेसारखं चकचकीत दिसतं आणि मोठ्या पडद्यावर काहींना गरगरतं. रंग भडक करणारा 'व्हिव्हिड' मोडही नको. 'आउट ऑफ गॅस'मध्ये काळ तीन पदरी आहे आणि कोणता पदर चालू आहे हे रंगावरून कळतं: बंद पडलेलं जहाज निळसर-थंड, जुन्या आठवणी उबदार. सगळंच भडक केलं की ही खूण पुसली जाते.

आवाजाचा घोळ तर हमखास होतो. या मालिकेत अंतराळात आवाज नाही. जहाज बाहेरून दिसलं की इंजिनाची घरघर नाही, स्फोटाचा धडाका नाही. असलंच तर फक्त संगीत. नवखा माणूस म्हणतो, 'आवाज गेला वाटतं', रिमोट उचलतो आणि पाच घरं वाढवतो. पुढच्याच क्षणी आपण जहाजाच्या आत, आणि शेजारचे काका दारात. पहिल्या पाच मिनिटांत आवाज ठरवा आणि रिमोट एकाच्याच हाती ठेवा. पात्रं मधूनच चिनी बोलतात ते बहुतेक शिव्या असतात. उपशीर्षकांत त्याचा अर्थ मिळाला नाही तर काही बिघडलेलं नाही.

डिस्क परदेशातून आणलेली असेल तर तिचा विभाग (रीजन कोड) तपासा. अमेरिकेतली डीव्हीडी विभाग १ ची, भारतातला प्लेअर विभाग ५ चा. ब्लू-रेत अमेरिका ए, भारत सी. चालेलच असं धरून बसू नका, आधी लावून बघा.

काहीजण पुण्यात, काहीजण न्यू जर्सीत असतील आणि एकाच वेळी बघायचं असेल, तर डिसेंबरात फरक साडेदहा तासांचा आहे. इथले सकाळचे दहा म्हणजे तिथे आदल्या रात्रीचे साडेअकरा. दहाचा आग्रह सोडा. इथे संध्याकाळी साडेसात, तिथे सकाळी नऊ, हे दोघांना झेपतं, फक्त मग दोनाऐवजी तीन-चार बैठका लागतात. आणि एकाकडे युरोपातली 'पाल' (PAL) पद्धतीची डीव्हीडी, दुसऱ्याकडे ब्लू-रे असं करू नका. पालवर चित्र साधारण चार टक्के वेगाने धावतं. म्हणजे ४४ मिनिटांच्या भागात पावणेदोन मिनिटांची तफावत, आणि युरोपवाला आधीच हसून मोकळा. दुसरा इलाज नसेल तर प्रत्येक भाग 'तीन, दोन, एक' म्हणून नव्याने सुरू करा.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका, तीन गोष्टी पुरेत. पहिल्या भागात बुक हा पाद्री जहाजाच्या भाड्यापोटी स्ट्रॉबेरी देतो आणि जहाजाची मेकॅनिक केली ती डोळे मिटून खाते. निरोप २० डिसेंबरच्या आसपास ठेवलात तर महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बाजारात असते. माणशी एकच द्या. गंमत त्या एकीत आहे, डबा पुढे केलात की ती नुसती फळांची बशी. आधी धुऊन ठेवू नका, पिचते. आणि अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढा, गार असताना चव लागत नाही. 'वॉर स्टोरीज'ला सफरचंदं. जहाजावरचा जेन ती का आणतो हे 'एरियल' बघितलेल्याला सांगावं लागत नाही.

'द मेसेज'मध्ये काडीला दोऱ्याने लटकवलेला बर्फाचा गोळा आहे, जो रिव्हर या मुलीला काही केल्या खाता येत नाही. तो घरी करायचा तर गोल साच्यात पाणी किंवा पातळ सरबत घाला, जाड सुती दोरा मध्यभागी सोडा, खालच्या टोकाला गाठ मारा आणि रात्रभर गोठवा. गाठ विसरलात तर गोळा वितळायला लागताच दोऱ्यावरून सुटतो आणि थेट सतरंजीवर. खाली वाटी धराच. याच भागात जेनच्या आईने पाठवलेली टोपी येते: पिवळी-नारिंगी, कानांवर पाळ्या, डोक्यावर गोंडा. ही आपली कानटोपीच की! घरात विणणारं कुणी असेल तर नमुना वगैरे शोधत बसू नका, नेहमीच्या कानटोपीला रंग तेवढे बदला. टाके थोडे वाकडे आले तर उत्तमच. जहाजाचा चालक वॉश, त्याच्यासाठी टेबलावर प्लॅस्टिकचे दोन डायनासोर ठेवा. खेळण्यांच्या कोणत्याही दुकानात मिळतात.

शेवट कशाने करायचा, यावर चाहत्यांत कायम वाद. पहिल्यांदा बघणारं कुणी असेल तर क्रमाने जा, 'ऑब्जेक्ट्स इन स्पेस'वर संपवा. पण सगळे जुनेजाणते असतील तर एकच बदल करा: 'द मेसेज' बाराव्या जागेवरून काढून शेवटी ठेवा. हा भाग सगळ्यात शेवटी चित्रित झाला. मालिका बंद होणार हे कलाकारांना याच्याच चित्रीकरणात कळलं, आणि अंत्यविधीचं संगीत ग्रेग एडमन्सनने मालिकेला निरोप म्हणून रचलं. कथा स्वतंत्र आहे, त्यामुळे जागा बदलून फारसं अडत नाही. बर्फ पडतंय, पेटी घरच्यांच्या हवाली होतेय, वर टेपवरचा मेलेल्या मुलाचा आवाज, आणि जहाजावरची माणसं नुसती उभी. इथे पुढचा भाग आपोआप सुरू करणारी सोय चालू राहिली तर कोपऱ्यात दहा, नऊ, आठ उलटं मोजणं दिसायला लागतं. ती आधीच बंद करा. दिवा लावायची घाईही नको.

याच मालिकेची गोष्ट पुढे नेणारा २००५ चा चित्रपट त्याच संध्याकाळी लावू नका, आठवडा जाऊ द्या. ११९ मिनिटांत तो अनेक मोसमांचं काम उरकतो आणि दोन माणसं घेऊन जातो. ज्यांना माहीत नाही त्यांना कोण ते सांगू नका. सोसायटीच्या हॉलमध्ये तिकीट लावून दाखवायचा असेल तर घरगुती डिस्क चालत नाही, हक्कदाराची परवानगी लागते. आणि नाव नीट बघा. पहिल्या भागाचं नाव 'सेरेनिटी', चित्रपटाचंही 'सेरेनिटी', वर २०१९ मध्ये त्याच नावाचा मॅथ्यू मॅकॉनहेचा भलताच चित्रपट आलाय. पडद्यावर जहाजाऐवजी मासेमारीची बोट दिसली तर तो बंद करून २००५ चा शोधा.