ऊर्जेवर मुलांना बोलतं कसं करायचं?

‘ऊर्जा म्हणजे काय?’ असं विचारलं की वर्ग गप्प होतो, नाहीतर पुस्तकातली व्याख्या घडाघडा म्हणतो. त्याऐवजी दोन सारख्या गोट्या घ्या.

१. दुसरी गोटी टेबलावर ठेवा, पहिली घरंगळत नेऊन तिच्यावर समोरून आपटा. ‘टक्’ आवाज होतो, पहिली जवळजवळ थांबते, दुसरी पळते.

२. विचारा, ‘पहिलीकडे काय होतं, जे आता दुसरीकडे आहे?’ आधी शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलू द्या, मगच हात वर. लाजरी मुलंही मग तोंड उघडतात.

३. उत्तरं मुलांच्याच शब्दांत फळ्यावर लिहा. ‘जोर’, ‘ताकद’ काहीही चालेल. शब्द नंतर सुधारता येतात.

४. दुसरी गोटीही थांबली की खरी गंमत. ‘आता ती ऊर्जा कुठे गेली?’ बहुतेक जण ‘संपली’ म्हणतील. खोडू नका, ‘कशावरून?’ एवढंच विचारा. मग सगळ्यांना तळवे जोरात चोळायला लावा. ते गरम झाले की कुणीतरी घर्षणापर्यंत पोहोचतंच. तो ‘टक्’ आवाजही कुणाला आठवला, तर उत्तमच.

फक्त बरोबर उत्तराला लगेच ‘शाब्बास’ म्हणू नका. चर्चा तिथेच थांबते.